पीटर्सबर्गचा वेढा, सिटी पॉइंटचं तंबूंचं इस्पितळ आणि उशाशी बसलेला शिपाई

कृष्णाकाठचा_हवालदार

नमस्कार मंडळी. या विभागात पहिल्यांदाच धागा काढतोय, लांबला तर सांभाळून घ्या.

मी आर्मी मेडिकल कोअरमधून नर्सिंग असिस्टंट म्हणून निवृत्त झालो. गाव सातारा जिल्ह्यात. सध्या लेकाकडे व्हर्जिनियात, रिचमंडला सहा महिन्यांसाठी आलोय. मागच्या रविवारी मुलानं जवळच्याच हॉपवेल गावी नेलं. तिथं जेम्स आणि ॲपोमॅटॉक्स या दोन नद्यांचा संगम आहे. जागेचं जुनं नाव सिटी पॉइंट. अमेरिकेच्या यादवी युद्धात (उत्तरेची राज्यं विरुद्ध फुटून निघालेली दक्षिणेची राज्यं) उत्तरेच्या जनरल ग्रँटचं मुख्यालय इथंच होतं आणि त्याची लाकडी केबिनही तिथं परत आणून ठेवलीय. बाकीची मंडळी केबिन बघत होती. माझं लक्ष मात्र माहितीफलकावरच्या एका ओळीवर अडकलं : इथं दहा हजार रुग्णांची सोय असलेलं फिल्ड हॉस्पिटल होतं.

दहा हजार! मी ज्या फिल्ड हॉस्पिटलात उमेदीची वर्षं काढली, तिथं शंभर खाटा भरल्या की आमची झोप उडायची. घरी आलो आणि आठवडाभर मिळेल ते वाचत बसलो. ते तुमच्यासमोर मांडतो.

जून १८६४ मध्ये ग्रँटचं सैन्य पीटर्सबर्ग शहरापुढं येऊन ठाकलं. दक्षिणेची राजधानी रिचमंड तिथून उत्तरेला पंचवीसेक मैलांवर, आणि रिचमंडला दाणागोटा पुरवणारे रेल्वेचे फाटे पीटर्सबर्गात एकत्र यायचे. पहिल्या चार दिवसांच्या हल्ल्यांत शहर पडलं नाही, मग दोन्ही बाजूंनी खंदक खणले आणि साडेनऊ महिने एकमेकांसमोर बसून राहिले. एप्रिल १८६५ च्या सुरुवातीला दक्षिणेचा सेनापती ली याचं सैन्य बाहेर पडलं, तेव्हा वेढा संपला.

खंदकातल्या शिपायाचे हाल काय सांगावेत. डोकं वर काढलं की समोरचा नेमबाज टिपणार. उन्हाळ्यात वर ताडपत्री नाही, आडोसा नाही, धूळ आणि माश्या. पाणी खंदकातलंच कुठलं तरी. गोळी लागून आत येणाऱ्यांइतकेच, किंबहुना त्यांच्याहून जास्त, तापानं आणि हगवणीनं वाकलेले यायचे.

आता जखमीचा प्रवास बघा. गोळी लागली की स्ट्रेचरवाले उचलून मागं आणायचे, रक्त थांबवून पट्टी बांधायचे. तिथून घोड्याच्या अँब्युलन्स गाडीतून डिव्हिजनच्या इस्पितळात. हात-पाय कापायचा तर तो तिथंच. मग सैन्यानं वेढ्यासाठी खास टाकलेल्या रेल्वेनं, मालडब्यात गवत अंथरून, आठ-दहा मैल मागं सिटी पॉइंटला. तिथं बरा झाला तर परत पलटणीत. लांबणारं दुखणं असेल तर धक्क्यावरून इस्पितळी बोटीनं वॉशिंग्टनकडं. ही साखळी बसवली डॉक्टर जोनाथन लेटरमन यांनी १८६२ मध्ये, आणि मार्च १८६४ मध्ये तिचा कायदा झाला. मी लखनौच्या सेंटरला शिकलो, ती साखळी जवळजवळ हीच. नावं बदलली, वाहनं बदलली, टप्पे तेच.

सिटी पॉइंटचं मोठं इस्पितळ सुमारे दोनशे एकरांत पसरलेलं. बाराशे तंबू. थंडी पडली तेव्हा ओंडक्यांच्या नव्वद बराकी बांधल्या. तंबूंच्या सरळ रांगा आणि मधून रस्ते. वाफेच्या इंजिनानं नदीचं पाणी वर खेचायचे. कपडे धुवायची जागा वेगळी, औषधांची वेगळी, जेवणाच्या खोल्या वेगळ्या. भटारखानेही दोन तऱ्हेचे : एक नेहमीचा आणि एक पथ्याचा. ज्या युद्धाची आठवण करवतीनं कापलेल्या पायांच्या ढिगाऱ्यानं केली जाते, त्याच युद्धात पाणी खेचणारं इंजिन होतं, पथ्याचा भटारखाना होता, आणि माझ्या मते जास्त जीव यांनीच वाचवले.

पण मला खरं सांगायचंय ते वेगळंच. या दहा हजारांच्या उशाशी कोण होतं? डॉक्टर मोजके. बाया थोड्या. पाणी पाजणं, तोंड पुसणं, कूस बदलणं, भांडं देणं, रात्री जागणं ही सगळी कामं बहुतांशी शिपायांनीच केली. पलटणीतून या कामाला काढलेले, नाहीतर स्वतः नुकते उठून बसलेले. काल ज्याला कुणी भरवलं तो आज दुसऱ्याला भरवतोय. १८६३ पासून लढायला निकामी झालेल्यांची एक वेगळी फौजच उभी केली होती, तिच्यातलेही कित्येक पहाऱ्याला आणि इस्पितळाच्या कामाला लावलेले.

याच्यावर कुणी फारसं लिहीत नाही. सेनापतीवर लिहितात, सर्जनवर लिहितात. मी तीस वर्षं उशाशी बसलेला माणूस आहे, म्हणून हा धागा. ज्यांना माहिती असेल त्यांनी भर घाला.

इतिहासवाचक

हवालदारसाहेब, फार चांगला विषय काढलात. थोडी भर घालतो.

याला वेढा म्हणतात, पण शहर चारही बाजूंनी कोंडलेलं कधीच नव्हतं. उत्तरेचं सैन्य पश्चिमेकडं सरकत एकेक रस्ता, एकेक रेल्वे तोडत गेलं. खंदकांची रेघ तीस मैलांच्या पुढं गेली. त्यामुळं एका मोठ्या लढाईचे जखमी एकदम येतात आणि मग शांतता, असं तिथं झालंच नाही. रोज थोडे, आणि मधूनच लोंढा. सिटी पॉइंटसारखं मुक्काम ठोकून बसलेलं इस्पितळ गरजेचं झालं ते यामुळं.

सगळ्यात मोठ्या लोंढ्यांपैकी एक ३० जुलै १८६४ चा. पेनसिल्व्हेनियाच्या कोळसा खाणींतल्या शिपायांनी पाचशे फुटांहून लांब बोगदा खणून शत्रूच्या मोर्च्याखाली चार टन दारू ठासली आणि पहाटे उडवली. प्रचंड खड्डा पडला. हल्ला करणारे त्या खड्ड्याला वळसा घालण्याऐवजी आतच उतरले आणि अडकले. एका दिवसात उत्तरेचे जवळपास ३,८०० जण मेले, जखमी झाले किंवा पकडले गेले. त्यातल्या कृष्णवर्णीय शिपायांना तर शरण आल्यावरही मारलं.

दहाच दिवसांनी, ९ ऑगस्टला, खुद्द सिटी पॉइंटच्या धक्क्यावर दक्षिणेच्या हेरानं दारूगोळ्याच्या बोटीत घड्याळाचा बॉम्ब पोचवला. किमान ४३ माणसं गेली, सव्वाशेच्या वर जखमी. धक्क्यावर हमाली करणारे काळे मजूर त्यात बरेच होते. म्हणजे इस्पितळ मागं होतं खरं, पण तिथल्या माणसालाही बिनघोर झोप नव्हती.

भूलतज्ज्ञ_मिरज

काका, नमस्कार. मी भूल देते, तेव्हा माझ्या विषयापुरतं बोलते.

या युद्धाबद्दल एक चित्र डोक्यात घट्ट बसलंय : चार जणांनी धरून ठेवलेला शिपाई, दातांत गोळी, आणि शुद्धीत असताना पाय कापताहेत. हे बहुतेक वेळा खरं नाही. ईथरचं जाहीर प्रात्यक्षिक बोस्टनला १८४६ मध्ये झालं, क्लोरोफॉर्म १८४७ पासून. यादवी सुरू होईपर्यंत दोन्ही रुळलेली होती आणि उत्तरेच्या मोठ्या शस्त्रक्रियांत भूल सर्रास दिली जायची. क्लोरोफॉर्म जास्त, कारण तो लवकर चढतो, थोडा लागतो आणि ईथरसारखा भडकत नाही. कापडाचा किंवा टॉवेलचा शंकू करायचा, आत स्पंजावर थेंब टाकायचे, नाकापासून थोडा दूर धरायचा म्हणजे हवाही आत जाते.

मग ते चित्र आलं कुठून? भूल चढताना मधे एक टप्पा येतो, त्यात माणूस बडबडतो, हातपाय झाडतो, ओरडतो. त्याला काही कळत नसतं, पण लांबून बघणाऱ्याला वाटतं जिवंत कापताहेत. उजेडासाठी टेबलं उघड्यावर मांडलेली, त्यामुळं बघणारे पुष्कळ. आजही ऑपरेशन थिएटरच्या दारातून कुणी हा टप्पा बघितला तर घाबरेल.

पाय कापायचेच कशाला, असाही प्रश्न येतो. त्या काळची मिनी गोळी मऊ शिशाची, जाड, कमी वेगाची. हाडावर आदळली की पसरायची आणि हाडाचा चुरा करायची, सोबत मळका कपडा आत ओढायची. असं हाड तेव्हा जोडता येत नव्हतं. पहिल्या दोन दिवसांत कापलं तर जगायची शक्यता बरीच, उशीर केला की पू रक्तात. उत्तरेच्या नोंदींत अशा सुमारे तीस हजार शस्त्रक्रिया आहेत, आणि ढोबळमानानं चारातले तीन जगले. मांडीच्या वर गेलं की मात्र आकडे भयंकर होतात, खुब्यातून कापलेले फार थोडे वाचले.

खरी उणीव भुलीत नव्हती. हात धुवायची होती. तोच स्पंज, तीच बादली, रक्त पुसून त्याच पाण्यात पिळायचा आणि पुढच्याला लावायचा. ब्रिटिश सर्जन लिस्टरचं जंतुनाशकाचं काम १८६७ मध्ये आलं, युद्ध संपल्यावर दोन वर्षांनी. हे वाचताना दर वेळी जीव हळहळतो.

रात्रपाळी

काका, तुमचा लेख वाचून राहवलं नाही म्हणून ड्यूटीवरून आल्या आल्या लिहितेय. मी स्टाफ नर्स, एकोणीस वर्षं.

तुमच्या एका मुद्द्यावर मात्र मी वाद घालणार आहे. बऱ्या होत असलेल्या शिपायांनी शुश्रूषा केली याचं तुम्हाला कौतुक आहे, ते मला समजतं. पण ही माणसं शिकलेली नव्हती. अशक्त माणूस, स्वतःची जखम ओली, त्याला रात्रभर दुसऱ्याकडं बघायला बसवायचं! पलटणीकडून माणसं मागितली की अधिकारी नको असलेली धाडायचे. आणि कुणी चांगला तयार झाला, त्याचा हात बसला, की त्याला परत खंदकात बोलावणं. आमच्या वॉर्डात एखादी मुलगी सहा महिन्यांत कामाला लागते आणि लगेच तिची बदली होते, तेव्हा काय होतं ते मला विचारा. पलंगावरच्या माणसालाच त्याचा फटका बसतो.

दुसरं, बाया थोड्या होत्या म्हणून त्यांना एका शब्दात उरकू नका. क्लारा बार्टन, ज्यांनी पुढं १८८१ मध्ये अमेरिकन रेड क्रॉस काढलं, त्या या वेढ्याच्या काळात जवळच पॉइंट ऑफ रॉक्सच्या इस्पितळात परिचारिकांचं काम बघत होत्या. सिटी पॉइंटला कॉर्नेलिया हँकॉक होत्या, क्वेकर या ख्रिस्ती पंथातल्या, गेटिसबर्गच्या लढाईतल्या जखमींपासून या कामात पडलेल्या. कृष्णवर्णीय शिपायांच्या इस्पितळाची वाईट अवस्था बघून हेलन गिल्सन या बाईंनी ते हाती घेतलं आणि तिथला स्वयंपाक मार्गी लावला.

पथ्याच्या भटारखान्याबद्दल तुम्ही लिहिलंत त्याला मात्र माझे दोन्ही हात वर. या युद्धात गोळीनं एक मेला तर रोगानं दोन, असं साधारण प्रमाण. हगवण, आमांश, विषमज्वर, हिवताप. हगवणीनं आतडं सोलून निघालेल्या माणसाला शिपायाचा शिधा म्हणजे खारवलेलं डुकराचं मांस, दगडासारखं बिस्किट आणि काळी कॉफी. तो जगणार कसा? त्याला मऊ हवं, कोमट हवं, थोडं थोडं आणि दर दोन तासांनी. तिथं मांसाचं पातळ पाणी, डब्यातलं आटवलेलं दूध, पाण्यात शिजवलेलं पीठ असं द्यायचे. आपल्याकडं भाताची पेज देतो, तसंच. वाटी-चमच्यानं माणूस परत आणताना मी बघितलंय. घास गिळला की गळ्याची घाटी हलते, तेवढंच आपण बघत बसतो.

कृष्णाकाठचा_हवालदार

ताई, तुमचा वाद मान्य. शंभर टक्के मान्य.

मी स्वतः पहिल्या पोस्टिंगला गेलो तेव्हा अर्धवट शिकलेला होतो. एका जवानाच्या पाठीला फोड आलेला मला दोन दिवस कळला नाही, कारण मी चादर नीट करायचो पण माणूस कुशीवर वळवून बघायचो नाही. आमचे सुभेदारसाहेब मला काही बोलले नाहीत. माझा हात धरून त्या जवानाच्या पाठीखाली घातला आणि म्हणाले, "बघ, इथं ऊब लागतेय का." ती ऊब अजून बोटांना आठवते. त्या दिवसापासून चादर नंतर, पाठ आधी.

तेव्हा न शिकलेल्या माणसानं नुकसान होतं हे मी अनुभवानं सांगतो. पण त्या शिपायांकडं एक गोष्ट होती. पलंगावरच्याला काय भोगावं लागलंय हे त्यांना सांगावं लागत नव्हतं. रात्री एखादा झोपेत दचकून ओरडला तर उशाशी बसलेल्याला माहीत, की हा आत्ता कुठं आहे. मी एवढंच म्हणतो.

आणि गिल्सनबाईंचं नाव मला माहीत नव्हतं. लिहून घेतलं.

जर्सीकर

धागा छान चाललाय, पण सगळं उत्तरेच्या बाजूनं चाललंय. आठ-दहा मैलांवर पलीकडं काय होतं तेही बघायला हवं.

पीटर्सबर्ग शहरात तंबाखूचे कारखाने आणि गोदामं होती, त्यांचीच इस्पितळं केलेली. शहरावर तोफा चालू. नाकेबंदीमुळं बाहेरून औषध येत नव्हतं. कोयनेल, अफू, क्लोरोफॉर्म सगळं चोरून आणायचं, नाहीतर झाडपाल्यावर भागवायचं. हिवतापाला डॉगवूड आणि विलोची साल. शिवायला रेशीम मिळेना तेव्हा घोड्याचा केस, आणि तो मऊ व्हावा म्हणून उकळून घ्यायचे. नकळत निर्जंतुक होत होता! रिचमंडचं चिंबोराझो इस्पितळ खूप मोठं, युद्धभरात पंचाहत्तर हजारांच्या वर माणसं तिथून गेली. पण शेवटच्या हिवाळ्यात लीच्या शिपायाला पोटभर मिळत नव्हतं, तिथं रुग्णाला काय मिळणार?

सिटी पॉइंटचं इस्पितळ उत्तम चाललं यामागं तिथल्या लोकांची मेहनत होतीच. पण मागं धक्का होता, रेल्वे होती, दिवसाला लाखभर पाव भाजणारी बेकरी होती. पलीकडचा डॉक्टरही तितकाच जीव तोडून काम करत असणार.

कृष्णाकाठचा_हवालदार

अगदी बरोबर. औषधाचा बॉक्स रिकामा असताना माणसासमोर उभं राहणं काय असतं ते मला ठाऊक आहे. बर्फानं रस्ता बंद, हेलिकॉप्टर येत नाही, आणि जवान विचारतोय "साहेब, आज सुई नाही?" त्या वेळी आपण त्याच्या कपाळावर हात ठेवतो, कारण दुसरं काही हातात नसतं. दक्षिणेच्या त्या गोदामांत असे हात किती ठेवले गेले असतील.

सावित्रीची_लेक

जर्सीकर, त्या चिंबोराझोत शुश्रूषा, स्वयंपाक, धुणं करणारे बरेचसे गुलाम होते, मालकांकडून भाड्यानं घेतलेले. हेही त्याच ओळीत लिहायला हवं. ज्या राज्यासाठी लढताना शिपाई जखमी झाला ते राज्य गुलामी टिकवायला उभं होतं, आणि त्या शिपायाला पाणी पाजणारा हात गुलामाचा.

इकडं उत्तरेत १,८०,००० च्या आसपास कृष्णवर्णीय शिपाई भरती झाले. सुमारे चाळीस हजार मेले आणि त्यातले तीस हजार रोगानं. हे प्रमाण गोऱ्या शिपायांपेक्षा किती वाईट आहे बघा. कामं अंगमेहनतीची, डॉक्टर कमी, इस्पितळं वेगळी आणि मागून मिळालेली. पगारही आधी गोऱ्या शिपायाला तेरा डॉलर आणि यांना दहा, त्यातूनही कपड्यांचे तीन कापायचे. ऐन वेढा सुरू झाला त्या जून महिन्यात संसदेनं पगार सारखा केला. आणि त्याच महिन्यात, १५ जूनला, पीटर्सबर्गच्या बाहेरच्या मोर्च्यांवर पहिल्या दिवशी चढून तोफा घेणाऱ्यांत हेच लोक होते.

आपला याच्याशी संबंध काय, असं कुणी विचारेल म्हणून सांगते. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' लिहिलं, ते अर्पण केलंय अमेरिकेतल्या त्या भल्या लोकांना, ज्यांनी गुलामांच्या मुक्तीसाठी स्वार्थ सोडून झीज सोसली. वेढा उठल्याला तेव्हा आठच वर्षं झाली होती. पुण्यात बसून जोतिबांनी ज्यांची झीज ओळखली, त्यातले कितीतरी या तंबूंतल्या गवतावर पडलेले होते. काका, तुम्ही त्या जागेवर उभे राहिलात हे वाचून मला भरून आलं.

पऱ्हाटी

मी अकोल्याचा. आमच्याकडं या युद्धाची आठवण कापसाच्या भावात आहे.

दक्षिणेची बंदरं कोंडली आणि इंग्लंडच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेना. मग वऱ्हाडच्या आणि खानदेशच्या कापसाला जो भाव आला तो तोवर कुणी बघितला नव्हता. मुंबईत कापसाचे आणि शेअरचे बडे व्यापारी प्रेमचंद रायचंद आणि शेअरचा धुमाकूळ, समुद्र हटवून जमीन काढायच्या कंपन्या. १८६५ मध्ये पीटर्सबर्ग पडलं, रिचमंड पडलं, लीनं शस्त्रं ठेवली. बातमी मुंबईत पोचली आणि भाव कोसळले. त्याच उन्हाळ्यात कित्येक पेढ्या बुडाल्या. शेतकऱ्यानं चढत्या भावावर कर्ज काढलेलं, रेल्वे नागपूरला पोचली १८६७ मध्ये, तोवर भाव गेलेला.

लहानपणी पणजोबांच्या पिढीच्या गोष्टींत "अमेरिकेची लढाई" यायची, तेव्हा वाटायचं यांना अमेरिका कुठं माहीत असणार. आता कळतं, त्यांना बरोबर माहीत होतं. पण त्या लढाईत इस्पितळ होतं, हगवणीनं मरणारी पोरं होती, हे मी आज पहिल्यांदा वाचलं. हवालदारसाहेब, धन्यवाद.

निळा_कागद

काका, एक विचारू? रुग्ण घरी पत्रं कशी पाठवायचे? तुमच्या वेळी तुम्ही कुणाची पत्रं लिहून दिली होती का?

कृष्णाकाठचा_हवालदार

पत्रांचं चांगलं विचारलंत.

ख्रिश्चन कमिशन आणि सॅनिटरी कमिशन अशा लोकवर्गणीवर चालणाऱ्या संस्था होत्या. त्या कागद, पाकिटं, फळं, अंगरखे वाटायच्या. ज्याला लिहिता येत नाही किंवा ज्याचा हातच गेला, त्याचं पत्र उशाशी बसलेला माणूस लिहायचा. माणूस गेला तर त्याच्या आईला किंवा बायकोला शेवटचं पत्रही तोच लिहायचा. त्या काळी घरच्या ओढीला डॉक्टर रोगच मानायचे. 'नॉस्टॅल्जिया' असं निदान कागदावर लिहायचे आणि सैन्याच्या नोंदींत अशा हजारो केसेस आहेत. आज आपण हसू, पण खाणंपिणं सोडून तंबूच्या कनातीकडं बघत पडलेला पोरगा मी बघितलाय. त्यांनी त्याला नाव तरी दिलं होतं.

माझं सांगतो. एक जवान होता, दोन्ही हात भाजलेले, कोपरापर्यंत पट्ट्या. त्याची आंतरदेशीय पत्रं मी लिहायचो. त्यानं सांगितलं, "आईला लिहा, हात किंचित भाजलेत, जेवण चांगलं मिळतं." मी लिहिलं. मग म्हणाला वाचून दाखवा. वाचलं. थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "'किंचित' खोडा. आईनं खोडलेलं बघितलं की तिला कळेल काय ते, आणि मी खोटं लिहिलं असंही होणार नाही." मी खोडलं. एकाच रेघेनं, शब्द दिसेल असं.

इतिहासवाचक

शेवटच्या दिवसांतली एक घटना राहिली. लिंकन मार्च १८६५ च्या अखेरीस सिटी पॉइंटला येऊन राहिले होते. रिचमंड पडल्यावर ८ एप्रिलला ते या इस्पितळात गेले आणि तंबूतंबूंतून फिरून हजारो रुग्णांशी हात मिळवले. पलीकडच्या बाजूचे जखमी कैदी होते, त्यांच्याशीही. त्याच रात्री बोटीनं वॉशिंग्टनला परतले. दुसऱ्या दिवशी लीनं शरणागती दिली आणि १४ तारखेला लिंकनना गोळी घातली.

रात्रपाळी

हजारो हात. खाटेवरच्या माणसाशी हात मिळवायला वाकावं लागतं, हे लक्षात घ्या. आणि लिंकन केवढे उंच!

हवालदार काका, तिथं आता इस्पितळाचं काही उरलंय का?

कृष्णाकाठचा_हवालदार

ताई, तुमचा प्रश्न वाचून काल परत जाऊन आलो. मुलाला सुट्टी होती.

तंबूंचं काय उरणार. त्या जमिनीवर आता घरं आहेत, रस्ते आहेत. पण इस्पितळात गेलेल्यांचं दफनस्थान आहे, पाच हजारांच्या वर थडगी. पांढऱ्या दगडांच्या रांगा, तंबूंच्या रांगांसारख्याच सरळ. काही दगडांवर यू. एस. सी. टी. अशी अक्षरं कोरलीयत, म्हणजे कृष्णवर्णीय पलटणीतला शिपाई. सावित्रीची_लेक, तुमच्या वतीनं तिथं थोडा वेळ थांबलो.

एक गोष्ट मला घरी येऊन वाचल्यावर कळली. पीटर्सबर्गजवळच पॉप्लर ग्रोव्ह म्हणून दुसरं दफनस्थान आहे, रणांगणावर जिथं पडले तिथून उचलून आणलेल्यांचं. तिथं सहा हजारांहून जास्त शिपाई आहेत आणि ओळख पटली ती त्यातल्या दोन हजारांच्या आसपास जणांचीच. त्या काळी गळ्यात बिल्ला नव्हता. हल्ल्याआधी काही जण स्वतःच चिठ्ठीवर नाव लिहून कोटाला टाचून घ्यायचे. इस्पितळातल्या या दफनस्थानात मात्र बहुतेक दगडांवर नाव आहे.

आमच्याकडंही स्ट्रेचर आत आला की पट्टीला हात लावता लावता पहिली विचारणा तीच असायची : नाव, नंबर, युनिट. शुद्ध असेल तर त्यालाच, नसेल तर उचलून आणणाऱ्याला. मग मनगटाला कागद बांधायचा. मुलानं विचारलं, बाबा इतकं काय वाचताय. मी रांगेच्या एका टोकापासून नावं वाचत चाललो होतो, मोठ्यानं. उच्चार त्यानं दुरुस्त करून दिले. दोन रांगा झाल्या, मग फाटक बंद व्हायची वेळ झाली.